सुई हलली नाही

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला चौथा धडा, 'विद्युतधारेचे परिणाम', मी गेली चौदा वर्षं शिकवते आहे. एक तार, एक सेल, एक होकायंत्र. हा प्रयोग मुलांना आवडतो, आणि खरं सांगायचं तर आम्हा शिक्षकांनाही, कारण तो सहसा फसत नाही. ओरस्टेडने १८२० मध्ये जे पाहिलं ते पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या बाकावर पाच मिनिटांत दाखवता येतं. तारेतून करंट सोडला की सुई हलते. वहीत आकृती, निरीक्षण, अनुमान. बाईंची सही. चला, पुढचा गट.

मागच्या वर्षी एका मुलीच्या वहीत निरीक्षणाच्या रकान्यात तीनच शब्द होते: "सुई हलली नाही."

मी लाल पेनाने त्याखाली रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'चूक. पुन्हा करा.' म्हणजे लिहिलं 'करा', पण साहित्य तोवर आवरून कपाटात गेलं होतं आणि किल्ली शिपाईमामांकडे. पुन्हा करणार कसं? दुसऱ्या दिवशी वही परत आली. व्हाइटनरचा पांढरा पट्टा, आणि त्यावर 'सुई २० अंशांनी हलली.' तिच्या शेजारणीच्या वहीतही २० च होते. मी दोन्ही वह्यांवर सही केली. तास संपला, मी विसरूनही गेले.

ते मला परत कसं आठवलं ते सांगायचंय, पण त्यासाठी जरा लांबून यावं लागेल. मधे थोडं विज्ञानही आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, "बाई, हे क्वांटम क्वांटम जे चाललंय, ते नक्की काय? मुलगा मोबाइलवर बघत असतो." एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, सहा हजार कोटींच्या वर रक्कम, त्याच्या बातम्या वाचल्या होत्या. त्यातलं एक केंद्र, सूक्ष्म मोजमापाचं, आपल्या पवईच्या आयआयटीत आहे. अणूंवर चालणारे अतिसंवेदनशील मॅग्नेटोमीटर बनवणं हे त्या मिशनच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक. आपल्या पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये अणू लेझरने थंड करून त्यांच्यावर प्रयोग चालतात. आयुकातही एका प्रयोगशाळेत यटर्बियमच्या एकट्या आयनावर चालणारं घड्याळ बनवायचं काम चालू आहे. आयुका म्हटलं की आपल्याला नारळीकर सर आठवतात, अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी आठवतात. पण तिथे असंही काम होतं. एवढं त्या पालकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना काही कळलं नाही हे मला कळलं. मॅग्नेटोमीटर अणूंवर चालतो म्हणजे काय, हे मलाच कुठे माहीत होतं? सुट्टीत फराळ करता करता वाचत बसले.

आणि वाचता वाचता पोचले थेट माहेरी, अलिबागला.

अलिबागकरांना चुंबकीय वेधशाळा ठाऊक असते. लहानपणी आम्ही ती कुंपणाबाहेरूनच पाहायचो. वडील सांगायचे, "आत लोखंड चालत नाही, खिळासुद्धा नाही." आम्हाला वाटायचं, काहीतरी मंत्रतंत्र असणार. खरी गोष्ट अशी: पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून होत होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह आला की त्याचं चुंबकीय क्षेत्र आलंच (चौथा धडा!) आणि मग कुलाब्याच्या सुया पृथ्वीचं ऐकणार की ट्रामचं? कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी जागा शोधली ती मुंबईपासून तीसेक किलोमीटरवर, खाडीपलीकडे अलिबागला. लोखंड टाळून इमारत बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी म्हणून. मग कुलाबा बंद, अलिबाग चालू. ते आजही चालू आहे.

या दोन वर्षांच्या दुहेरी नोंदींचं मला फार कौतुक वाटतं. किती कंटाळवाणं काम! दोन ठिकाणी, रात्रंदिवस, बहुतेक वेळा 'काही विशेष नाही' असंच लिहायचं. पण त्याच कंटाळवाण्या वह्यांमध्ये कुलाब्याची २ सप्टेंबर १८५९ ची नोंद आहे. त्या दिवशी सूर्यावरून आलेल्या वादळाने तिथलं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आणलं. त्या नोंदीवर सविस्तर शोधनिबंध आला तो २००३ मध्ये. लिहिणारा आणि त्याचा उपयोग करणारा यांच्यात जवळजवळ दीडशे वर्षांचं अंतर. आदल्या दिवशीच्या साध्या, शांत नोंदी कुणी 'काय लिहायचं त्यात' म्हणून अंदाजाने भरल्या असत्या, तर १६०० चा हा खड्डा कशापासून मोजला असता?

आता अणूंकडे येते.

अलिबागच्या जुन्या यंत्रात धाग्याला टांगलेलं चुंबक असायचं, त्याला चिकटवलेला छोटा आरसा, आणि आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर रेघ काढायचा. चुंबक मोठं, जड, तापमानाने बदलणारं. पुढच्या पिढीतली यंत्रं आली ती म्हणाली, चुंबक बनवायचं कशाला? निसर्गाने लहान चुंबकं बनवूनच ठेवली आहेत. अणू.

भोवरा आठवा. जाळी लावून सोडलेला भोवरा स्वतःभोवती फिरतो, आणि थोडा कलला की त्याचं डोकं सावकाश गोल डुलू लागतं. रुबिडियम, सीझियम, पोटॅशियम अशा धातूंचे अणू चुंबकीय क्षेत्रात असेच डुलतात. क्षेत्र जितकं जास्त, तितकं डुलणं वेगात. रुबिडियम-८७ चं प्रमाण आहे नॅनोटेस्लाला सेकंदाला सात वेळा. पुण्यात पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४३ हजार नॅनोटेस्ला आहे. मुलांना गुणाकार करायला सांगा: सेकंदाला तीन लाखांहून जास्त डुलक्या! हे डुलणं मोजलं की क्षेत्र कळलं. तापमान, वजन, कारखान्यातला फरक, काही मधे येत नाही. रुबिडियमचा अणू पुण्यात आणि पोलंडमध्ये सारखाच.

यंत्र ऐकायला साधं आहे. काचेची बंद कुपी, आत रुबिडियमची किंचित वाफ. (रुबिडियम ३९ अंश सेल्सिअसला वितळतो. एप्रिलमधल्या पुण्यात दुपारी बाहेर ठेवला तर काय होईल, असं मी वर्गात विचारलं. "बाई, आधी आम्ही वितळू," असं उत्तर आलं.) सगळे भोवरे वाटेल त्या दिशेला तोंड करून असतील तर काही कळणार नाही, म्हणून एका विशिष्ट लेझर प्रकाशाने ते आधी एका दिशेला उभे करतात, प्रार्थनेच्या रांगेसारखे. या युक्तीला ऑप्टिकल पंपिंग म्हणतात, आणि ती शोधणाऱ्या आल्फ्रेड कास्टलर यांना १९६६ चं नोबेल मिळालं. मग दुसरा प्रकाशकिरण सोडून रांग कशी डुलते ते पाहायचं. अडचण एकच, अणू काचेवर आपटले की रांग मोडते. त्यावरचा एक उपाय मला फार आवडला: काचेला आतून पॅराफिनचा, म्हणजे मेणबत्तीच्या मेणाच्याच जातीचा, पातळ थर. मेणावर अणू हजारो वेळा आपटला तरी त्याचं डुलणं बिघडत नाही. नोबेलच्या शेजारी मेणबत्ती!

२००३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गटाने अशा यंत्राची संवेदनशीलता जवळजवळ अर्ध्या फेमटोटेस्लापर्यंत नेली. फेमटो म्हणजे दशांशचिन्हानंतर चौदा शून्यं आणि मग एक. मुलांपुढे नुसती शून्यं मांडून उपयोग नसतो, म्हणून असा हिशेब केला: पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटर. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र म्हणजे हा अख्खा परीघ धरला, तर एक फेमटोटेस्ला म्हणजे त्यातला एक मिलिमीटर. विश्वास नसेल तर किलोमीटरचे मिलिमीटर करून पाहा. आमच्या वर्गात दोघांनी केले, एकाचा शून्य चुकला, त्यावर पाच मिनिटं गेली.

इतकं बारीक ऐकू येणारा कान असला की पहिली पंचाईत कुठली? गोंगाटाची. मूससाहेबांची ट्राम परत येते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत संशोधकांनी शहरभर मॅग्नेटोमीटर ठेवून पाहिलं, तर दिवसभर तिथल्या विजेच्या लोकलचा गोंगाट. मध्यरात्रीनंतर गाड्या बंद होतात तेवढे तासच शांत. म्हणून ही कुपी निकेल आणि लोखंडाच्या खास मिश्रधातूच्या डब्यात ठेवतात. डब्यात डबा, त्यात डबा, आमच्या आजीच्या लाडवांच्या डब्यासारखे. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र त्या धातूतूनच वळून जातं, आत पोचत नाही.

इथे माझ्या वर्गातल्या एका मुलाने अगदी योग्य प्रश्न विचारला. "चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र, आणि चुंबकीय क्षेत्र आत येऊ द्यायचं नाही? मग मोजणार काय?"

हाच तर सगळा मुद्दा आहे. त्यांना चुंबकीय क्षेत्र मोजायचंच नाहीये.

दीर्घिका ज्या वेगाने फिरतात त्यावरून दिसतं की विश्वात आपल्याला दिसणाऱ्या पदार्थाच्या सुमारे पाचपट न दिसणारं काहीतरी आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलंय, कुणालाही माहीत नाही. एक कल्पना अशी की ते अतिशय हलक्या, ॲक्सिऑनसारख्या कणांचं असावं, आणि त्यांचं क्षेत्र सगळीकडे एकसारखं पसरलेलं नसून त्यात भिंती असाव्यात. भिंती कशा? थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते ती पाहा. तेल एकाच ठिकाणाहून गोठत नाही, दोन-चार ठिकाणांहून गोठत येतं, आणि ते भाग जिथे भेटतात तिथे पुसटशी रेघ राहते. विश्व थंड होताना तसं काही झालं असेल, तर अशा 'रेघा' अवकाशात असतील, आणि आपली पृथ्वी कधीतरी त्यातून पार होत असेल. भिंतीतून जाताना अणूंच्या भोवऱ्यांना किंचित धक्का बसेल, जणू क्षणभर चुंबकीय क्षेत्र बदललं. हा धक्का थेट भोवऱ्याला बसणार, म्हणून डबे त्याला पुरते अडवू शकणार नाहीत. डबे लोकल अडवतात, ट्रक अडवतात, लिफ्ट अडवते. त्यातूनही जे आत येईल, ते कदाचित नवं.

'कदाचित' का? कारण एका यंत्रात सुई हलली यावर कुणी विश्वास ठेवू नये. लेझर चरकला असेल, कुणी दार आपटलं असेल. म्हणून जर्मनी, पोलंड, स्वित्झर्लंड, अमेरिका, चीन, दक्षिण कोरिया अशा देशांतल्या प्रयोगशाळांनी आपापली यंत्रं जीपीएसच्या वेळेने जोडून घेतली. या जाळ्याचं नाव नोम. पुणेकरांना हे समजावणं सोपं आहे. विसर्जनाच्या दिवशी तुमचे मित्र मंडई, बेलबाग चौक आणि अलका चौकात उभे आहेत. ढोल फक्त बेलबागेत वाजला तर तो तिथल्याच कुणीतरी वाजवला. पण आधी मंडई, मग बेलबाग, मग लक्ष्मी रोडने अलका, असा ओळीने वाजत गेला तर मिरवणूक आली! कृष्णद्रव्याच्या भिंतीचंही तसंच. ती सेकंदाला ३०० किलोमीटरने आली असं धरलं, तर पृथ्वीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला चाळीस-बेचाळीस सेकंद लागतील. तेवढ्या वेळात जगभरच्या केंद्रांत योग्य क्रमाने टिचकी वाजायला हवी.

महिनाभर सलग सगळ्यांनी कान लावले. मग त्या आकड्यांची छाननी, आणि २०२१ मध्ये 'नेचर फिजिक्स' या नामांकित नियतकालिकात निबंध.

"मग? काय सापडलं?" वर्ग एकदम पुढे सरकला होता.

"काही नाही," मी म्हटलं. "खात्रीने सांगावं असं काहीच सापडलं नाही."

सगळे हसले. इतके डबे, इतके देश, आणि काही नाही! मी त्यांना सांगितलं की हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत न्यूट्रॉनच्या आत धन आणि ऋण प्रभार किंचित बाजूला सरकलेले आहेत का, ते तपासलं. आसपास सीझियमचे मॅग्नेटोमीटर पहाऱ्याला बसवलेले, शिवाय पाऱ्याच्या अणूंचा एक वेगळा साक्षीदार न्यूट्रॉनांच्या सोबत त्याच भांड्यात. २०२० मध्ये उत्तर आलं, शून्य. आणि शेजारी त्या शून्यात फार तर किती चूक असू शकते ते. मायकेल्सन आणि मोर्ले यांनाही १८८७ मध्ये जे शोधत होते ते मिळालं नव्हतं. नोमच्या 'काही नाही'मुळे भिंतींच्या कित्येक शक्यता बाद झाल्या. पुढच्या माणसाला निदान कळतं की या कपाटात बघून झालंय.

तेव्हा ती मुलगी उठली. ती सहसा प्रश्न विचारत नाही.

"बाई, मग त्यांची वही कुणी तपासली?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे... त्यांना 'पुन्हा करा' असं नाही का लिहिलं कुणी?"

वर्ग पुन्हा हसला, त्यांना वाटलं विनोद केला. तिच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ते तीन शब्द, तो व्हाइटनरचा पट्टा, माझी सही, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं, "नाही गं, ते छापूनच आलं ना." घंटा झाली म्हणून सुटले.

मधल्या सुट्टीत तिला वही घेऊन बोलावलं.

"त्या दिवशी खरंच हलली नव्हती?"

"नव्हती, बाई. सेल उलटा लावून पण पाहिला. शेजारच्या गटाचा सेल आणून पाहिला. त्यांच्याकडे हलत होती."

"मग वीस का लिहिलंस?"

ती गप्प. मग हळूच, "तुम्ही 'चूक' लिहिलं होतं ना."

मला काही बोलता येईना. चौदा वर्षांत मी अशा किती वह्यांवर सह्या केल्या असतील? आणि खरं तर मीच कधी विचारलं नाही की वर्गातल्या सगळ्या गटांची सुई बरोब्बर २० अंशच कशी हलते. सेल वेगळे, तारा वेगळ्या, तारेची उंची वेगळी. सगळ्यांचे वीस येणं हीच संशयाची गोष्ट होती, आणि संशय मी घेतला तो एकट्या न हललेल्या सुईवर. आपण पालकही घरी हेच करतो. "उत्तर मागे दिलंय ना, मग तुझं वेगळं कसं?" एवढंच विचारतो, पण कसं आलं ते दाखव म्हणत नाही.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी प्रयोगशाळेत थांबलो. शिपाईमामांना विनंती केली. तिला म्हटलं, त्या दिवशी जिथे बसली होतीस तिथेच बस. ती खिडकीजवळच्या बाकावर बसली. तिथे टेबल आडवं आहे, इतर चार टेबलांच्या काटकोनात. तिने तार टेबलाच्या लांबीला धरून ताणली, होकायंत्रावरून. सुई हलली नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही तिच्या आधी नाही, ती म्हणाली, "बाई, यांची तार उत्तर-दक्षिण आहे, माझी पूर्व-पश्चिम."

बस. तार उत्तर-दक्षिण असेल तर तिच्याखाली तयार होणारं क्षेत्र पूर्व-पश्चिम असतं, ते सुईला बाजूला ओढतं. तार पूर्व-पश्चिम असेल तर तिचं क्षेत्र सुईच्याच रेषेत, उत्तर-दक्षिण. ते सुईला फार तर आणखी घट्ट धरेल किंवा थोडं सैल सोडेल, वळवणार नाही. उजव्या हाताचा नियम मी फळ्यावर काढून शिकवते, मुलांकडून परीक्षेत काढून घेते. तिच्या वहीतल्या तीन शब्दांत तोच नियम होता आणि मला वाचता आला नव्हता.

ज्यांना वर्गात करून पाहायचंय त्यांच्यासाठी पुढचं सविस्तर लिहिते. प्लास्टिकच्या डबीचं होकायंत्र घ्या, टेबलाचे लोखंडी पाय लांब ठेवा. (फोनमधला मॅग्नेटोमीटर चालू करून आधी टेबलावर फिरवला तर लोखंड कुठे आहे ते कळतं. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप चालतं. मोकळ्या मैदानात आम्हाला ४२-४३ मायक्रोटेस्ला आले, बाकाच्या लोखंडी पायाजवळ नव्वदच्या वर.) इनॅमलच्या तारेचे सहा-सात वेढे होकायंत्राभोवती द्या, वरून आणि खालून, तार पूर्व-पश्चिम जाईल असे. तारेची टोकं घासून घ्या. नवा सेल दोन-तीन सेकंदच जोडा, जास्त वेळ ठेवलात तर तार आणि सेल दोन्ही तापतात. एका बाजूने सेल जोडला तर सुई ढिम्म. उलट फोकस टाकल्यासारखी आणखी घट्ट उत्तरेकडे. डबीला टिचकी मारली तरी पटकन जागेवर येते.

सेल उलटा केला. पहिल्यांदा काहीच नाही. तिने टेबलाला बोटाने हलकी टिचकी मारली आणि सुई सर्रकन फिरली, पुरती. उत्तरेचं लाल टोक दक्षिणेकडे, पर्वतीच्या दिशेला. आमच्या दोघींच्या तोंडून एकदमच "अगंबाई!" निघालं. मामा दारात किल्ल्या वाजवत उभे होते, तेही आत येऊन बघू लागले. आम्ही ते सात-आठ वेळा केलं. एकदा नाही फिरली, तेही तिने लिहून घेतलं, माझ्याकडे एक नजर टाकून.

घरी जायला उशीर झाला म्हणून तिच्या आईचा फोन आला. मीच बोलले, कारण सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं आणि मग काळजीने विचारलं, "पण बाई, आधीचं चूक धरणार का आता? प्रात्यक्षिकाचे गुण जातील का?" मी नाही म्हटलं. एवढंच विचारावंसं वाटलं त्यांना, यात त्यांचा काय दोष? मीही त्यांच्या जागी तेच विचारलं असतं.

तिने वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर लिहिलं: तार पूर्व-पश्चिम, सुई हलली नाही. सेल उलटा, हलली नाही. सहा वेढे, हलली नाही. सहा वेढे, सेल उलटा, टिचकी मारल्यावर पूर्ण फिरली. आठपैकी सात वेळा. मी खाली सही केली, तारीख घातली.

मग तिने मागचं पान उलटलं. व्हाइटनरवरचे २० अंश. "याचं काय करू, बाई? खोडू?"

मी म्हटलं, राहू दे. त्याच्या खालीही माझीच सही आहे.